स्लॅब, पश्चिमेची भिंत आणि कूलर: घरबांधणीवरचे वाचकांचे प्रश्न

मार्च लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. फरशी आणि रंगाचे प्रश्न मागे पडतात आणि बहुतेकांना एकच विचारायचे असते, घर थंड कसे राहील? यंदाची सात पत्रे निवडली आहेत. काही पत्रांत प्रश्न विचारण्याआधीच महागडे यंत्र घ्यायचे ठरलेले दिसते. आमचा आग्रह एवढाच, की आधी ऊन बाहेर अडवा आणि मग यंत्राचे माप ठरवा.

दुमजली घर आहे. वरच्या खोल्या दुपारपर्यंत ठीक असतात, पण संध्याकाळी सातनंतर पंखा गरम हवाच फेकतो. पीओपीचे फॉल्स सीलिंग करावे की गच्चीवर पांढरा रंग द्यावा? (मानेवाडा)

गच्चीवर. फॉल्स सीलिंगचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

पाच-सहा इंचांचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता काही तासांनी खालच्या बाजूला पोहोचते. म्हणून दुपारी बरी वाटणारी खोली दिवेलागणीला भट्टी होते. पंखा स्लॅबला चिकटलेली हीच तापलेली हवा खाली ढकलतो. फॉल्स सीलिंगने स्लॅबचे तापणे थांबत नाही. मधली हवा आणि बोर्ड तापायला थोडा उशीर लागतो, एवढाच फायदा. वर खोलीची उंची फूटभर जाते आणि गळती लागली तर ती महिनोन्‌महिने दिसत नाही.

नागपूरचे अक्षांश २१ अंशांच्या किंचित वर आहेत. २६ मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, म्हणजे नवतपा (मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस) आणि शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे एकाच सुमारास येतात. त्या दिवसांत सर्वांत जास्त ऊन भिंतीवर नाही, गच्चीवर पडते. पैसे आधी कुठे घालायचे, ते यावरूनच ठरते.

सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा. हजार चौरस फूट गच्चीला दोन हातांसाठी साधारण २५ किलो चुना लागतो. कळीचा चुना असेल तर तो लोखंडी ड्रममध्ये आदल्या दिवशी विझवा. विझताना तो उकळतो आणि उडतो, तेव्हा प्लास्टिकची बादली नको, डोळ्यांना चष्मा हवा आणि मुले लांब. दुसऱ्या दिवशी जाळीतून गाळा आणि त्यात किलो-दीड किलो फेव्हिकॉलसारखा चिकट घाला. गच्ची झाडून, धुऊन, ओलसर असतानाच संध्याकाळी पहिला हात द्या आणि दुसरा हात दुसऱ्या संध्याकाळी. चुना दुधासारखा पातळ हवा. दह्यासारखा घट्ट लावला की त्याचे पापुद्रे निघतात आणि पहिल्याच पावसात ते पन्हाळीत जाऊन बसतात. भर उन्हात लावलेला चुना धरण्याआधीच सुकतो आणि हाताला पांढरा लागत राहतो. एका पावसाळ्यानंतर तो बराच जातो, म्हणून दर मार्चला पुन्हा द्यायचा.

डब्यातला ‘कूल रूफ’ रंग घ्यायचा असेल तर डब्यावरचे दोन आकडे बघा. ऊन परावर्तनाचा आकडा किमान ०.६० आणि उष्णता बाहेर टाकण्याचा, म्हणजे एमिटन्सचा, ०.९०. २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत कूल रूफची अटही हीच होती. आकडे छापलेले नसतील तर तो नुसता पांढरा रंग समजा. प्राइमर आणि त्यावर एकमेकांना काटकोनात दोन हात द्यावे लागतात. आपल्याकडच्या धुळीने रंगाचा पांढरेपणा वर्षभरात उतरतो, म्हणून उन्हाळ्याआधी एकदा गच्ची घासून धुवा. पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक जास्त टिकतो, पण शेवाळ धरले की घसरतो आणि त्याची चमक शेजारच्या खिडकीत जाते.

चुना देऊन एक उन्हाळा काढा. तेवढ्याने भागले नाही तर इन्सुलेशन. गच्चीवर ५० मिमी जाडीचे एक्सपीएस, म्हणजे दाट, कडक फोमचे, बोर्ड घाला. आधी वॉटरप्रूफिंग करून घ्या, पन्हाळी बंद करून ४८ तास पाणी साठवून बघा आणि गच्ची पूर्ण वाळू द्या. मग सांधे एकावर एक येणार नाहीत असे बोर्ड मांडा, त्यावर जिओटेक्स्टाइल किंवा प्लास्टिकचा कागद अंथरा आणि वर चिकन मेश घालून ४० ते ५० मिमीचा काँक्रीटचा थर द्या. गच्चीला शंभराला एक उतार हवा. बिघडते ते तीन ठिकाणी. ठेकेदार एक्सपीएसऐवजी पॅकिंगचे थर्माकोल आणतो आणि ते पायाखाली दबते. वरचा थर सलग ओततात, चौकोन पाडत नाहीत, म्हणून तो तडकतो. आणि पॅरापेटच्या, म्हणजे कठड्याच्या, कोपऱ्यातला गोला (सिमेंटची गोलाई) नीट होत नाही, तिथूनच पाणी बोर्डाखाली शिरते.

फरक किती पडतो? नुसत्या सहा इंची स्लॅबचा यू-व्हॅल्यू, म्हणजे एका चौरस मीटरमधून दर अंशाच्या फरकाला आत येणारी उष्णता, चार वॉटच्या आसपास असते. ५० मिमी एक्सपीएसने ती साधारण अर्ध्या वॉटवर येते. घरांसाठीच्या इको निवास संहितेची मर्यादा १.२ आहे. नुसत्या स्लॅबचे घर त्या मर्यादेच्या जवळपासही नसते.

हिरवी जाळी बांधणार असाल तर ती गच्चीपासून सहा-सात फूट वर बांधा. पॅरापेटला टेकवून ताणलेल्या जाळीखाली हवा कोंडते.

पश्चिमेला सात फूट रुंद, पाच फूट उंच खिडकी आहे. वरचा छज्जा दोन फुटांचा. तो तीन फुटांचा केला तर दुपारचे ऊन थांबेल का? (प्रतापनगर)

नाही. ते काँक्रीट वाया जाईल.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे चारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून ३४ अंशांवर असतो आणि जवळजवळ सरळ पश्चिमेच्या भिंतीसमोर. दोन फुटांचा छज्जा त्या वेळी जेमतेम सोळा इंच सावली देतो, तीन फुटांचा दोन फूट. पाचच्या सुमारास सूर्य २० अंशांपर्यंत उतरतो आणि तीन फुटांच्या छज्ज्याची सावलीही तेरा-चौदा इंचांवर येते. खिडकी पाच फूट उंच आहे, म्हणजे बाकीच्या खिडकीतून ऊन आतच.

हाच छज्जा दक्षिणेला सोन्यासारखे काम करतो. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी दुपारी सूर्य ६९ अंशांवर असतो आणि दोन फुटांचा छज्जा पाच फुटांची खिडकी पूर्ण झाकतो. डिसेंबरात सूर्य ४५ अंशांवर येतो, सावली दोनच फूट पडते आणि थंडीतले ऊन आत येते. एकच माप दोन्ही ऋतूंना बरोबर बसते. घराच्या चारही बाजूंना सारखाच छज्जा काढायची पद्धत म्हणूनच चुकीची आहे.

पश्चिमेला उभी आडोशाची वस्तू हवी, तीही काचेच्या बाहेर. आतला पडदा उशिरा पोहोचलेला पहारेकरी असतो. ऊन काच ओलांडून आले की उष्णता घरातच राहते. बांबूची चिक बाहेरून, भिंतीपासून चार-सहा इंच सुटी लावा, म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाईल. वाऱ्याने ती आपटू नये म्हणून खाली दोन हूक हवेत. मातीची जाळी बसवायची असेल तर भोकाची रुंदी आणि जाळीची जाडी यांचे नाते पाहा. चार इंचांचे भोक आणि चार इंच जाडी असेल तर चारच्या सुमाराचे दोन तृतीयांश ऊन अडते, पाचच्या सुमाराचे जेमतेम एक तृतीयांश. शेवटच्या तासाला गुंडाळता येणारी चिकच जास्त कामाची.

झाड लावायचे असेल तर कडुनिंब किंवा करंज, पण काळ्या मातीत पायापासून किमान २० फुटांवर. उन्हाळ्यात मुळे पाणी ओढतात, माती आकसते आणि पायाला तडे जातात. तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर एवढी जागा नसते. तिथे भिंतीपासून फूटभर पुढे तारांची चौकट उभी करून मधुमालती चढवा.

(वास्तुशास्त्राप्रमाणे पश्चिमेला खिडकी ठेवावी की नाही, असेही या पत्रात विचारले आहे. सूर्याचे कोन सगळ्यांना सारखेच लागू आहेत, एवढेच सांगतो.)

गच्चीवर तीन किलोवॉट सोलर बसवायचे आहे. पॅनेल जास्त तापले तर वीज जास्त मिळते ना? (वर्धमाननगर)

उलट. वीज उजेडाने बनते आणि पॅनेल तापले की ती घटते. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के. मेमध्ये पॅनेल ६५ ते ७० अंशांवर गेले की पंधराएक टक्के घट धरा. म्हणून पॅनेलखालून वारा खेळता हवा. वर्षाची सरासरी काढली तर एका किलोवॉटमागे दिवसाला चार युनिटच्या आसपास मिळतात.

जागा साधारण ३०० चौरस फूट, तोंड दक्षिणेला, कल वीसेक अंश. पाण्याच्या टाकीची सावली नऊ ते चार या वेळात पॅनेलच्या कोपऱ्यावरही पडू देऊ नका. थोड्या सावलीने पूर्ण ओळीची वीज उतरू शकते. सांगाडा उंच घेतला तर खालच्या स्लॅबला सावली मिळते, म्हणजे मानेवाड्याच्या पत्राचे निम्मे उत्तर इथेही लागू. पण उंच सांगाड्याला वारा जास्त लागतो. पाय बोल्टने गच्चीत ठोकाल तर वॉटरप्रूफिंग फुटेल. काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात पाय बसवा आणि वजनाचा हिशेब इंजिनिअरकडून लेखी घ्या. पॅनेल सकाळी थंड असताना धुवा. तापलेल्या काचेवर बोअरचे जड पाणी टाकले की क्षारांचे डाग बसतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट आणि त्यापुढच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. अर्ज पोर्टलवरच करायचा आणि विक्रेता तिथल्या नोंदणीकृत यादीतला असल्याची खात्री करूनच आगाऊ रक्कम द्यायची.

कोराडी, खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या राखेच्या फ्लाय अ‍ॅश विटा स्वस्त मिळतात. त्याने घर थंड राहते म्हणतात. खरे का? (हिंगणा)

विटा चांगल्या, कारण चुकीचे. फ्लाय अ‍ॅश विटेने शेतातली वरची माती वाचते, भट्टीचा कोळसा वाचतो आणि माप एकसारखे असल्याने प्लास्टरही कमी लागते. पण उष्णता अडवण्यात ती लाल विटेपेक्षा फारशी वेगळी नाही. घर थंड ठेवायला हवेच्या बारीक पोकळ्यांचा हलका एएसी ब्लॉक हवा. २०० मिमी एएसीच्या भिंतीतून नऊ इंची विटेच्या भिंतीच्या निम्म्याहून कमी उष्णता आत येते. सगळे घर एएसीचे करण्याची गरज नाही. पश्चिमेची भिंत आणि वरचा मजला तेवढा करा.

फ्लाय अ‍ॅश वीट घेताना ट्रकमधल्या वेगवेगळ्या थरांतून पाच विटा काढा. कोरडी वीट तोला, २४ तास पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा तोला. तीन किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेली तर परत पाठवा. कोपरा नखाने भुगा होत असेल तर ती पुरेशी पिकलेली नाही.

एएसीच्या भिंतींना तडे जातात अशी ओरड असते. बहुतेक वेळा दोष ब्लॉकचा नसतो. गवंडी विटेच्या सवयीने ब्लॉक भिजवत ठेवतो आणि वर १:४ चे (एक भाग सिमेंट, चार भाग रेती) जाड, कडक प्लास्टर मारतो. ब्लॉक वाळताना आकसतो आणि प्लास्टर त्याच्यासोबत जात नाही. ब्लॉक नुसता शिंपडून ओलवा, प्लास्टर १:६ चे आणि १२ मिमीचेच करा. कॉलम-भिंतीच्या सांध्यावर दोन्हीकडे सहा-सहा इंच जाळी मारा. आणि कूलरचा स्टँड या भिंतीवर साध्या खुंटीने लटकवू नका. भरलेल्या टाकीचे वजन शंभर किलोच्या घरात जाते. स्टँड लिंटेलला किंवा कॉलमला धरा, नाहीतर जमिनीवर उभा करा.

आमच्या सार्वजनिक वाचनालयाची नवी इमारत व्हायची आहे. आराखड्यात रस्त्याकडे, म्हणजे पश्चिमेला, २० फूट रुंद आणि १० फूट उंच पूर्ण काच आहे. दिसायला आधुनिक आहे, पण एसीला निधी नाही. काय करावे? (कामठी)

काम सुरू होण्याआधी विचारलेत, हे बरे केले. हा हिशेब विश्वस्तांच्या बैठकीत मांडा. मेमध्ये चारच्या सुमारास पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला ६०० वॉटच्या आसपास ऊन पडते. काच साडेअठरा चौरस मीटर. साध्या काचेतून त्यातला ८० टक्के भाग आत येतो, म्हणजे सुमारे नऊ किलोवॉट. एक टन एसी साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर टाकतो. नुसत्या त्या काचेचे ऊन परतवायला अडीच टन लागतील. माणसे, स्लॅब आणि बाकीच्या भिंती वेगळ्या. ०.२७ एसएचजीसीची, म्हणजे उन्हाचा फक्त २७ टक्के भाग आत सोडणारी, महाग काच लावली तरी तीन किलोवॉट उरतातच.

काचेला आमचा विरोध नाही, तिच्या दिशेला आहे. वाचनकक्ष पूर्व-पश्चिम लांब ठेवा आणि खिडक्या उत्तर-दक्षिणेला घ्या. खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन ते अडीच पट आतपर्यंत वाचण्याजोगा उजेड जातो. कड आठ फुटांवर असेल तर सोळा ते वीस फूट. तीस फूट रुंद कक्षाला म्हणूनच दोन्ही बाजूंनी खिडक्या हव्यात. टेबलावर ३०० लक्स उजेड मिळाला की दिवसा दिवे लावावे लागत नाहीत. दक्षिणेला दोन फुटांचा छज्जा द्या. उत्तरेला ऊन येतच नाही हा समज सोडा. मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ तिरपा आत येतो. उत्तरेच्या खिडक्यांना फूटभर छज्जा आणि दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या हव्यात.

पश्चिमेला जिना, स्वच्छतागृहे आणि जुन्या अंकांची खोली टाका. ती भिंत जाड आणि जवळजवळ बंद ठेवा. रस्त्याकडे चेहरा हवा असेल तर त्या भिंतीपुढे आठ फुटांचा व्हरांडा आणि मातीची जाळी काढा. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्यांचे व्हरांडे आणि छताजवळचे झरोके पाहून या, किंवा विश्वस्तांना एका दुपारी सेवाग्रामला बापू कुटीत घेऊन जा. ती मातीची कुटी आणि तिचे उतरत्या छपराचे ओटे कुठल्याही सादरीकरणापेक्षा जास्त पटवून देतील. झरोक्यांना उघडझाप आणि डासांची जाळी हवीच. रात्री ते उघडे ठेवून तापलेली हवा बाहेर जाऊ द्यायची आणि सकाळी नऊच्या आत बंद करायचे, ही जबाबदारी शिपायाच्या कामांच्या यादीत लिहून ठेवा.

पावसाचे पाणी मुरवायला चार फुटांचा खड्डा खणून गिट्टी भरली. पाणी दोन-दोन दिवस तसेच उभे राहते. (उमरेड रोड)

खड्डा काळ्या मातीत थांबला आहे. ती भिजली की फुगते आणि स्वतःच पाणी अडवते. मुरवायचे असेल तर खाली मुरूम किंवा कुजलेला खडक लागेपर्यंत जावे लागते. पुढच्या वेळी गिट्टी भरण्याआधी खड्डा दोनदा पाण्याने भरून रिकामा होऊ द्या आणि तिसऱ्यांदा मोजा. तासाला इंचभरही उतरत नसेल तर तिथे पैसे घालू नका. खड्डा पायापासून किमान दहा-पंधरा फूट लांब हवा, नाहीतर फुगणारी माती भिंतीच तडकवेल.

आपल्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हजार चौरस फूट गच्चीवरून गळती-बाष्पीभवन वजा जाता सुमारे ७४,००० लिटर मिळतात. बोअर असेल तर गाळून त्यात सोडा. प्रत्येक मोठ्या खंडानंतरच्या पावसाचे पहिले २०० लिटर वेगळ्या व्हॉल्व्हने बाहेर काढा. चिमण्यांची विष्ठा आणि धूळ त्यातच असते. गाळणीत तळाला ४० मिमी गिट्टी, त्यावर २० मिमी, वर जाड रेती, प्रत्येकी फूटभर आणि मधे नायलॉनची जाळी. वरची दोन इंच रेती दर मेमध्ये खरवडून बदला. अंगणाचे किंवा रस्त्याचे पाणी बोअरमध्ये कधीही सोडू नका. शंभर मिमीचा एक पाइप जोरदार पावसात, म्हणजे तासाला ५० मिमीच्या सरीत, साधारण ८५ चौरस मीटर गच्चीचे पाणी वाहून नेतो. हजार चौरस फूट म्हणजे ९३. तेव्हा दोन पाइप काढा.

कूलर मेमध्ये झकास चालतो, जुलैत चिकचिक होते. मोठा घ्यावा का? (वाडी)

मोठ्याने काही होणार नाही. मेमध्ये ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असते, तेव्हा चांगली ताटी असलेला कूलर २७-२८ अंशांची हवा देतो. जुलैत ३१ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत तीच हवा २९ च्या फारशी खाली येत नाही आणि वर ओलीचिंब. पावसाळ्यात पंप बंद करून फक्त पंखा चालवा.

मेमध्येही चिकचिक होत असेल तर हवा बाहेर जायला वाट नाही. दर हजार सीएफएमला (कूलर मिनिटाला किती घनफूट हवा फेकतो, त्याचे माप) समोरच्या बाजूला दोन चौरस फूट खिडकी उघडी हवी. बारा बाय बारा आणि दहा फूट उंच खोलीला साधारण ७०० ते ८०० सीएफएमचा कूलर पुरतो. वाळ्याच्या ताट्या दर हंगामाला बदला. जड पाण्याने क्षार धरलेली ताटी बाहेरून ओली दिसते, पण तिच्यातून हवा जात नाही. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून कोरडी करा, डेंग्यूचे डास तिथेच होतात.

आणि लोखंडी कूलर असेल तर त्याच्या प्लगला तिसरी पिन जोडलेली आहे का ते आजच बघा. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. एमसीबी शॉर्टसर्किट आणि जादा भार रोखतो, माणसाला लागणारा धक्का रोखत नाही. आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का ते पाहा. कूलर लावल्यावर तो सारखा पडत असेल तर दोष बहुधा पंपात असतो, म्हणून आरसीसीबी काढून टाकू नका, पंप बदला. टाकीत पाणी भरताना प्लग काढलेला हवा, नुसते बटण बंद असून चालत नाही.